व्हिन्स यंगची कुठली धाव?

व्हिन्स यंग हा अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा एकेकाळचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू. सोलापुरात त्याचे चाहते किती निघतील देव जाणे, पण आमच्या घरात भरपूर आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. विजेतेपदाच्या त्याच्या त्या गाजलेल्या सामन्याला २०२६ च्या जानेवारीत २० वर्षं झाली. थोरल्याने घरच्या ग्रुपवर विचारलं, "व्हिन्सबद्दलची तुमची सगळ्यात आवडती आठवण कुठली? एकच सांगायची." झालं. तेव्हापासून भांडण चालू आहे. मोबाईलवर एवढं टाईप करून माझे अंगठे दुखायला लागले, म्हणून एकदाचं इथं सविस्तर लिहितो.

आधी माझी लायकी सांगतो. मी क्रीडाशिक्षक होतो. नोकरीभर पोरांना कबड्डी शिकवली, जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलो. अमेरिकन फुटबॉल मी कधी खेळलो नाही, पुढेही खेळणार नाही. पण अंगावर येणाऱ्या माणसांना चुकवून पलीकडे जायचं, हा विषय माझा आहे. त्यात मला कुणी शिकवू नये.

थोरला २००४ साली एमएस करायला ऑस्टिनला, त्याच टेक्सास विद्यापीठाच्या गावी, गेला. तिथे त्याला रूममेट मिळाला तोही सोलापूरचा, पूर्व भागातला. घरी तेलुगू, शाळेत मराठी, रस्त्यावर सोलापुरी, असा आपल्याकडचा अस्सल नमुना. दोघांनाही क्रिकेटपलीकडे काही माहीत नव्हतं. पण शनिवारी अख्खं गाव विटकरी-नारिंगी कपडे घालून एकाच दिशेला चालू लागलं, की घरात बसून करायचं काय? पोरं गेली, बघितलं, आणि वाया गेली. सुट्टीला घरी येताना थोरला सामने भरलेल्या डीव्हीडी घेऊन यायचा. हिला वाटायचं बॅगेत काजू-बदाम असतील.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा चार डाव. प्रत्येक डावात चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो आणि तो ठरवतो : फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, की आपणच घेऊन पळायचं. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' असते ना, तसा त्यांचा चौथा डाव. तिथे चुकलात तर चेंडू समोरच्याला. चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन. एवढं कळलं की पुढचं सगळं वाचता येईल.

व्हिन्स ह्यूस्टनचा पोरगा. सहा फूट पाच इंच उंची, वजन शंभर किलोच्या वर. एवढ्या देहाच्या माणसाने चपळ असू नये, असा आमच्यातला अलिखित नियम आहे. पहिली डीव्हीडी लावली तेव्हा मी थोरल्याला म्हणालो होतो, "हा पळतोय कुठं? चालतोय की." तो दिसायचाच तसा. ताठ अंग, लांब ढांगा, घाई कुठेच नाही. आणि मागे लागलेले सगळे जिवाच्या आकांताने धावतायत तरी अंतर वाढतंच आहे. मी पोरांना पकडीला उभं करताना सांगायचो की चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघू नका, हाताकडे बघू नका, कंबर बघा. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही. या पठ्ठ्याची कंबरसुद्धा फसवायची. खांदा एकीकडे, कंबर त्याच्याच बाजूने अर्धी वळलेली, आणि पाऊल पडायचं ते भलतीकडे. ते बघायला मी एकच तुकडा पुन्हापुन्हा मागे घ्यायचो. हिने एकदा विचारलं, "अहो, त्याचा काय पाय मुरगळला काय, सारखा तिथेच येतोय?"

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती माझ्या धंद्याची आहे. व्हिन्सची चेंडू फेकायची ढब पुस्तकातली नव्हती. कोपर खाली, हात बाजूने. त्यावरून त्याला भरपूर ऐकावं लागलं. हा क्वार्टरबॅक नव्हेच, याला दुसऱ्या जागी खेळवा, असं म्हणणारेही होते. २००४ च्या ऑक्टोबरात ऑक्लाहोमाकडून टेक्सास १२-० असा हरला. एकही गुण नाही! पुढच्याच सामन्यात, मिझुरीविरुद्ध, प्रशिक्षकांनी व्हिन्सला मध्येच बाहेर बसवलं. तो सामना टेक्सासने जिंकला, पण पोराचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. आणि मग मॅक ब्राउन या त्यांच्या मुख्य प्रशिक्षकाने जे केलं त्यासाठी मी त्याला इथून नमस्कार करतो. त्याने पोराला दुरुस्त करणं बंद केलं. तुला जसं खेळता येतं तसं खेळ, म्हणाला. ड्रेसिंग रूममध्ये पोरांच्या आवडीची गाणी वाजू दिली, स्वतःही ऐकू लागला. ऑक्लाहोमाच्या त्या पराभवानंतर व्हिन्स कॉलेजात असेपर्यंत टेक्सास एकही सामना हरला नाही. लागोपाठ २० विजय.

मी असे मास्तर पाहिले आहेत जे डावखुऱ्या पोराला उजव्या पायाने बोनस घ्यायला लावतात, का तर शिबिरात तसं शिकवलं होतं. पोरगं वर्षभरात खेळ सोडतं. जाऊ दे, नावं घेत नाही.

तर आवडती आठवण. थोरल्याचं उत्तर सगळं जग देईल तेच : ४ जानेवारी २००६, पॅसाडीनाचं रोझ बोल मैदान, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, समोर सदर्न कॅलिफोर्निया. हा संघ लागोपाठ ३४ सामने जिंकून आलेला. त्यांच्याकडे मॅट लायनर्ट, २००४ चा हाइझमन विजेता. त्यांच्याकडेच रेजी बुश, २००५ चा हाइझमन विजेता. हाइझमन म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. २००५ च्या निवडीत व्हिन्स दुसरा आला होता आणि ते त्याला लागलं होतं.

गंमत म्हणजे पोरगं ऑस्टिनला दीड वर्ष राहिलं आणि त्या दिवशी होतं सोलापुरात, सुट्टीवर. आपल्याकडे ५ तारखेची सकाळ, गुरुवार. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आठवड्यावर आलेली, होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते. मी अर्धी रजा टाकली. टीव्हीवर सामना नव्हता. घरी इंटरनेट होतं पण ते कसलं, पान उघडेपर्यंत चहा निवायचा. त्या पानावर सामन्याचे आकडे अक्षरांत यायचे. चित्र नाही, आवाज नाही. आम्ही दोघं साडेसहापासून त्या आकड्यांकडे बघत बसलो होतो. हिने शेंगाची चटणी आणि भाकरी तिथेच आणून दिली आणि आमच्याकडे बघून मान हलवली.

दहाच्या सुमाराला आकडे दाखवत होते : कॅलिफोर्निया ३८, टेक्सास २६. शेवटची सहा-सात मिनिटं उरलेली. आणि वीज गेली. त्या काळात सोलापुरात भारनियमन कसं होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. थोरला मटकन खाली बसला. मी म्हटलं, बारा गुणांनी मागे आहेत, तसंही संपलंय. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही.

मग लँडलाइन वाजला. जुना, वायरचा, त्यामुळे विजेविना चालायचा. ऑस्टिनहून रूममेट. कॉलिंग कार्डावर. "लाइट आहे का बे?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "धर मग, मी सांगतो." स्पीकर नव्हता. एका रिसीव्हरला आम्ही बापलेकाने दोन्ही बाजूंनी कान लावले. तिकडून खोलीभर पोरांचा गोंगाट आणि त्यात याचं समालोचन. व्हिन्स स्वतः पळून गेला, टचडाउन, ३८-३३. मग कॅलिफोर्नियाचा चौथा डाव, दोन यार्ड हवे होते. जिंकायला त्यांना तेवढंच पुरे होतं. "थांब बे, थांब... देतायत त्या धिप्पाडाला... अडवला! अडवला बे!!" इथून पुढे पोरगं तेलुगूत गेलं. थोरल्याला बऱ्यापैकी कळतं, मला फक्त नावं कळत होती. दोन मिनिटं नऊ सेकंद उरलेली होती, हे नंतर कळलं.

शेवटी पुन्हा चौथा डाव, या वेळी टेक्सासचा. पाच यार्ड पाहिजेत, टचडाउनची रेषा आठ-नऊ यार्डांवर. रूममेट एकदम मराठीत आला. "काकांना पण सांग. चेंडू घेतला... कुणी मोकळं नाही... पळालाय, उजवीकडे... कोपऱ्यात... कुणी हात पण लावला नाही बे!" आणि नंतर नुसता गोंगाट. १९ सेकंद शिल्लक. थोरला ओरडला तेव्हा ही आतून पळत आली, "कुणाला काय झालं?" तिला वाटलं कुणीतरी गेलं.

४१-३८. व्हिन्सने २६७ यार्ड फेकून मिळवले, २०० पळून, तीन टचडाउन स्वतःच्या पायांनी. डीव्हीडी हातात आल्यावर मी तो शेवटचा डाव नीट पाहिला. सांगतो, त्यात हूल जवळपास नाहीच. मागे सरकला, वाट पाहिली, कुणी मोकळं दिसेना, उजवी बाजू उघडी दिसली, निघाला. ज्याला रस्ता दिसतो त्याला नाचायची गरज पडत नाही. उत्तम निर्णय, मान्य. पण एक पदन्यास म्हणून मी त्याला पहिला नंबर देणार नाही. थोरल्याच्या आठवणीत पळणं कमी आणि फोन जास्त आहे, असं माझं मत.

आणि पंच म्हणून एक बोलायचं राहिलं. त्याच सामन्यात टेक्सासचं पहिलं टचडाउन झालं ते व्हिन्सने पडता-पडता आपल्याच सेल्विन यंगकडे चेंडू टाकला म्हणून. चेंडू हातातून सुटण्याआधी व्हिन्सचा गुडघा जमिनीला टेकलेला होता. कॉलेजच्या नियमात गुडघा टेकला की डाव तिथेच संपतो. पंचांना दिसलं नाही, फेरतपासणीही झाली नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं तर थोरला म्हणाला, "अप्पा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूने आहात?" मी शिट्टीच्या बाजूने आहे. रूममेट अजून म्हणतो की गवत उंच होतं.

रूममेटची आवड वेगळी आणि माझ्या मते थोरल्यापेक्षा चांगली. ऑक्टोबर २००५, ऑक्लाहोमा स्टेटच्या गावी. आधीच्या वर्षी याच संघाविरुद्ध टेक्सास ३५-७ मागे होता आणि ५६-३५ जिंकला होता. या वेळीही मध्यंतराला २८-१२ मागे. माणसं वैतागून टीव्ही बंद करायच्या बेतात. दुसरा अर्ध सुरू झाला, टेक्सासचा पहिलाच डाव, आणि व्हिन्स ८० यार्ड पळत सुटला, थेट टचडाउन. समोरच्या संघाने त्यानंतर एकही गुण घेतला नाही, ४७-२८. त्या दिवशी व्हिन्सने एकट्याने २६७ यार्ड पळून काढले. रूममेटचं म्हणणं असं की पॅसाडीनाच्या दिवशी ३८-२६ असताना तो फोन करायला उठला तो याच सामन्यामुळे. हा माणूस मागे असला तरी मागे नसतो, हे त्याला तिथे कळलं होतं.

धाकटीला २००५ च्या १ जानेवारीचा मिशिगनविरुद्धचा सामना आवडतो. तोही रोझ बोललाच. ३८-३७, शेवटच्या क्षणी डस्टी मँगमच्या किकवर जिंकला. व्हिन्सची चार टचडाउन पळून. पण धाकटीचं लक्ष खेळाकडे नाहीच. सामना संपल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की आम्ही परत येऊ, आणि वर्षाने परत आला, ते तिला आवडतं. ठीक आहे, नोंद घेतली.

हिचं उत्तर आल्यावर मात्र ग्रुप गप्प झाला. हिने टाकलं, "त्याने डिग्री घेतली ते."

व्हिन्स २००६ च्या सुरुवातीला शिक्षण अर्धवट टाकून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. टेनेसी टायटन्स या संघाने त्याला नवोदितांच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, पहिल्याच वर्षी आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि मग ते सगळं हळूहळू विस्कटलं. पैसा आला तसा गेला, २०१४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्यावर मला फार बोलायचं नाही, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. पण त्याच्या एक वर्ष आधी, २०१३ मध्ये, हा तिशीतला माणूस परत टेक्सास विद्यापीठात राहिलेले विषय पुरे करून पदवीधर झाला. युवक आणि समाज हा त्याचा विषय. ही स्वतः लग्नानंतर बी.ए. झालेली, मांडीवर थोरला घेऊन अभ्यास केलेला. तिच्या या मताला आमच्या घरात कुणी आव्हान देत नाही.

आम्ही दोघं ऑस्टिनला गेलो होतो २००८ मध्ये, थोरल्याने बोलावलं म्हणून. ३० ऑगस्टला हंगामाचा पहिला सामना होता, फ्लोरिडा अटलांटिकविरुद्ध, आणि त्या दिवशी व्हिन्सची १० नंबरची जर्सी कायमची निवृत्त करण्यात आली. म्हणजे यापुढे तो नंबर टेक्सासमध्ये कुणाला नाही. नव्वद हजारांच्या वर माणूस, ऊन आपल्या मे महिन्यासारखं. मला वाटलं आपण सोलापूरचे, आपल्याला ऊन काय करणार? तिसऱ्या पाण्याच्या बाटलीनंतर मत बदललं. हिला मात्र सगळ्यात आवडला तो बेवो, त्यांच्या संघाचं मानचिन्ह असलेला जिवंत लाँगहॉर्न बैल. माहेर मंगळवेढ्याकडचं, घरी खिलार बैल पाहिलेले. त्याची आडवी पसरलेली शिंगं बघून म्हणाली, "हा गोठ्यात शिरतो कसा?" शेजारच्या अमेरिकन बाईला थोरल्याने हे भाषांतर करून सांगितलं तर ती बराच वेळ हसत होती.

आता माझं उत्तर. १३ नोव्हेंबर २००४, कॅन्सासच्या गावी, लॉरेन्सला. कॅन्सास त्या वर्षीचा दुबळा संघ, आणि टेक्सास त्यांच्याविरुद्ध २३-२० मागे. वेळ जवळजवळ संपलेली. चौथा डाव. आणि यार्ड किती पाहिजेत? १८! चौथ्या डावात १८ यार्ड म्हणजे, कबड्डीत सातही खेळाडू उभे असताना एकट्याने जाऊन तिघांना शिवून या, असं सांगण्यासारखं आहे. सगळ्या मैदानाला माहीत होतं की आता चेंडू लांब फेकला जाणार, दुसरा मार्गच नाही. बचावाची माणसं त्यासाठी मागे जाऊन थांबलेली.

व्हिन्सने फेकला नाही. पळाला. वाटेत एक बचावपटू नेमका समोर आला, मोकळ्या जागेत, एकास एक. माझ्या लेखी खेळाची परीक्षा इथे असते. पंधरा माणसांच्या गर्दीत निसटणं सोपं, एकट्या तयार माणसाला चुकवणं अवघड, कारण त्याला दुसरं काही बघायचंच नसतं. त्याने वेग कमी केला. हो, कमी केला. समोरच्याचे पाय एक क्षण जागच्या जागी रुतले आणि तेवढ्यात हा बाजूने गेला. २२ यार्ड. मग टोनी जेफरीकडे चेंडू फेकला, टचडाउन, ११ सेकंद शिल्लक, २७-२३.

तो सामना गेला असता तर टेक्सास त्या वर्षी रोझ बोलला पोचलाच नसता. मिशिगन नाही, म्हणजे धाकटीची आठवण नाही. आणि पुढच्या वर्षी जो संघ पॅसाडीनाला गेला त्याला ते मैदान, ती गर्दी, तो शेवटच्या क्षणाचा श्वास आधीच ओळखीचा होता तो या मिशिगनच्या सामन्यामुळेच. पण मी हे कारण म्हणून सांगत नाही. मी ती धाव निवडतो ती त्या वेग कमी करण्यासाठी. निवृत्त झाल्यावरही पार्क मैदानाच्या बाजूला गेलो की कबड्डीची पोरं भेटतात, त्यांना मोबाईलवर तो तुकडा दाखवतो. मागच्या महिन्यात एकाने विचारलं, "सर, याला पकडायचं कसं?" मी म्हटलं, तो थांबला की तू थांबू नको. पोरगं म्हणालं, "सर, पण तो थांबतच नाही की, नुसता हळू होतो." बरोबर आहे. पोराला कळलंय.

ग्रुपवर कॅन्सासला आतापर्यंत एकच मत पडलंय, माझं. थोरल्याचा आक्षेप असा की दुबळ्या संघाविरुद्धची धाव मोजायची नाही. मी विचारलं, मग दुबळ्या संघाने तुला शेवटच्या मिनिटापर्यंत मागे ठेवलं कसं? त्यावर रूममेटने पसंतीचा अंगठा टाकला आहे, पण मत द्यायला तयार नाही. आधी गुडघ्याबद्दलचं वाक्य मागे घ्या, म्हणतो.